मोठा कॅम, छोटा कॅम आणि इनटेक मिटायची वेळ

वाचकांचे प्रश्न, मिस्त्रींची उत्तरं

प्रश्न : मिस्त्री, माझ्याकडे २००६ ची मारुती एस्टीम आहे, १६ वॉल्व्हची, एमपीएफआय. पुन्हा पासिंग झालेली आहे, इंजिनाला रिंगा-बेअरिंग नवीन आहेत आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं येतं. बाकी सगळं कंपनीचं : मॅनिफोल्ड, सायलेन्सर, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), काहीही बदललेलं नाही आणि बदलायचंही नाही. रोज कराड ते सातारा जातो. महिन्यातून एखाद्या वेळी चारजण बसवून कुंभार्ली घाटातून चिपळूणला. घाटात गाडी दमते. एका ग्राइंडरवाल्यानं तीन कॅम सांगितलेत : २५६, २७२ आणि २८८. मित्र म्हणतो, हेड खोलायचंच तर एकदाच मोठा टाकून मोकळा हो. कुठला घेऊ?
— कराडहून एक वाचक

उत्तर : २८८ विसरा. २७२ पण ठेवा बाजूला. घ्यायचाच असला तर २५६ घ्या, आणि तोसुद्धा ग्राइंडरवाल्यानं एका प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं तरच. इनटेक वॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारा, नक्की किती अंशाला मिटतो, हा तो प्रश्न. लिफ्ट किती, म्हणजे वॉल्व्ह किती उचलला जातो, पॉवर किती वाढते, हे सगळे नंतर विचारतात. मी हा आधी विचारतो.

का ते सांगतो. कॅम म्हणजे वॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा. त्यावर लिहिलेला २५६ किंवा २८८ हा आकडा म्हणजे वॉल्व्ह क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो तो हिशोब. इनटेक पिस्टन वर पोचायच्या थोडा आधी उघडतो, पिस्टन खाली जातो तेवढे १८० अंश उघडा असतो, आणि पिस्टन परत वर यायला लागला तरी आणखी काही अंश उघडाच राहतो. हा शेवटचा तुकडा मुद्दाम ठेवलेला असतो. वेगात आत येणारी हवा पिस्टन थांबला म्हणून थांबत नाही, ती आपल्या जोरावर येतच राहते. पाच-सहा हजार आरपीएमला तिचा हा जोर मोठा असतो, म्हणून वॉल्व्ह उशिरा मिटला तर सिलिंडर जास्त भरतो. दोन हजारांवर तो जोर नसतोच. तिथं वर येणारा पिस्टन आत घेतलेलं मिश्रण त्याच उघड्या वॉल्व्हमधून परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत आणणाऱ्या नळ्यांत, ढकलतो.

आता आकडे घालून बघा. तुमच्या १२९८ सीसीच्या इंजिनाचा स्ट्रोक ७५.५ मिमी. कनेक्टिंग रॉड १२० मिमी आणि कॉम्प्रेशन, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते, ९.५ धरून चालू. कंपनीचा साधा कॅम समजा १२ अंश आधी उघडतो आणि ५२ अंश नंतर मिटतो. १२, १८० आणि ५२ मिळून २४४. वॉल्व्ह मिटतो त्या क्षणी पिस्टनचा वर जायचा ६४.७ मिमी प्रवास शिल्लक असतो, म्हणजे हवा खरी दाबली जाते ती तेवढ्यातच. त्यावरून कॉम्प्रेशन काढलं तर ते ८.३ च्या आसपास येतं. २५६ चा कॅम १८ आधी, ५८ नंतर असेल तर ६२.१ मिमी उरतात आणि कॉम्प्रेशन ८ वर येतं. २७२ ला, २६ आधी आणि ६६ नंतर धरून, ५८.२ मिमी आणि साडेसात. २८८ ला, ३४ आणि ७४ धरून, ५३.८ मिमी उरतात आणि कॉम्प्रेशन जेमतेम ७.

म्हणजे घाटात तिसऱ्या गिअरला अडीच हजारांवर, चारजण बसलेले, एसी चालू, अशा वेळी तुमचं साडेनऊचं इंजिन सातच्या इंजिनासारखं ओढणार. आत्ता दमतंय, मग बसेल. वर सहा हजारांच्या पुढे २८८ खरंच मोकळा होईल, त्यात खोटं काही नाही. पण कुंभार्लीच्या वळणावर सहा हजार आरपीएम ठेवून कोण चालवतो? शिवाय ईसीएम कंपनीचंच राहणार. ते ठरलेल्या आरपीएमला पेट्रोल तोडतं. कॅमची खरी ताकद जिथं सुरू होते तिथंच तुमचं रेसिंग संपतं.

रॅलीवाले मोठे कॅम वापरतात, एस्टीम आणि जिप्सीच्या रॅली-गाड्या याच जी१३ इंजिनावर आपल्या देशात वर्षानुवर्षं पळल्या, हे मित्र सांगेल. बरोबर आहे. पण त्या गाड्यांचं हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं असतं, पोर्ट मोकळे केलेले असतात, गिअर जवळ-जवळचे असतात आणि ईसीएम वेगळं असतं. कॅम हा त्या यादीतला शेवटचा. तुम्ही त्याला पहिला आणि एकटाच आणताय.

दुसरी अडचण आयडलची, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असतं तेव्हाची. एक्झॉस्ट मिटायच्या आधी इनटेक उघडतो, तेवढा वेळ दोन्ही वॉल्व्ह उघडे असतात, याला ओव्हरलॅप म्हणतात. वरच्या उदाहरणात कंपनीच्या कॅमला तो २४ अंश आहे. २८८ ला दोन्ही बाजू सारख्या धरल्या तर ६८. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, तो त्या वेळात जळकी हवा एक्झॉस्टमधून मागे ओढतो. व्हॅक्यूम पडतो. तुमच्या गाडीत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. व्हॅक्यूम कमी दिसला की ईसीएमला वाटतं गाडीवर लोड आलाय, आणि ते पेट्रोल वाढवतं. मग सिग्नलला आरपीएमचा काटा वर-खाली झुलतो, टेलपाइप काळा होतो, ॲव्हरेज जातं. बीएस-२ आणि बीएस-३ च्या पेट्रोल चारचाकीला पीयूसीत आयडलला सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएमच्या आत लागतं. २८८ घालून ते आणून दाखवा! ब्रेकचा बूस्टरसुद्धा त्याच व्हॅक्यूमवर चालतो, हे घाट उतरताना कळलं तर फार उशीर झालेला असतो.

आता २५६ घ्यायचा ठरलाच तर काय बघायचं.

आपल्याकडे असे कॅम बहुतेक वेळा नवीन नसतात. कंपनीचाच कॅम ग्राइंड करून दिलेला असतो. लोब म्हणजे वॉल्व्ह उचलणारा कॅमवरचा उंचवटा. त्याच्या टोकाला धातू वाढवता येत नाही, म्हणून खालची गोल बाजू, बेस सर्कल, घासून लहान करतात. उंचीतला फरक वाढला की लिफ्ट वाढली. यात दोन धोके. अशा कास्ट आयर्नच्या कॅमचा वरचा थरच कडक असतो, जास्त घासला की आतला मऊ लागतो आणि काही महिन्यांत लोब गोल होतो. दुसरं, बेस सर्कल लहान झालं की लोबवर टेकून वॉल्व्ह दाबणारा रॉकर खाली बसतो, टॅपेटचा स्क्रू जास्त बाहेर काढावा लागतो आणि रॉकर वॉल्व्हच्या मधोमध न दाबता कडेला दाबायला लागतो. किती घासणार ते आधी विचारा. आमच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनावर आयुष्य घालवलेली माणसं कॅम हातात घेऊन सांगतात की यात एवढंच निघेल, पुढं हात लावू नको. असा नाही म्हणणारा ग्राइंडर शोधा.

रॉकरच्या पॅडवर जुन्या कॅमच्या घासणीचे पट्टे असतील तर तेच रॉकर नव्या कॅमवर चढवू नका. पॅड घासून पॉलिश करा नाहीतर बदला. स्प्रिंगा तपासा : वॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगच्या वेटोळ्यांत सगळी मिळून निदान १ मिमी जागा उरली पाहिजे, आणि वरची टोपी वॉल्व्ह सीलवर आपटता कामा नये.

मग माती, वॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात किती जागा उरते ते मोजायला. हेड बसवायच्या आधी मुलांच्या खेळायच्या क्लेची पातळ चकती पिस्टनच्या खाचेत बसवायची, वरून तेलाचा हात फिरवायचा, जुनं गॅस्केट घालून हेड आवळायचं, टॅपेट सेट करायचे आणि टायमिंग पट्टा चढवून क्रँक पान्यानं हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचा. स्टार्टर मारायचा नाही. कुठं अडलं तर जोर लावायचा नाही, मागे फिरवायचं. हेड परत उचलल्यावर क्लेमध्ये वॉल्व्हचा अर्धा चंद्र उमटलेला दिसतो. ब्लेडनं तिथंच आडवा काप घ्यायचा आणि सर्वांत पातळ जागी व्हर्नियर लावायचा. इनटेकला निदान २ मिमी, एक्झॉस्टला अडीच. एक्झॉस्टला जास्त का, तर वर येणारा पिस्टन त्याच्या पाठीमागे लागलेला असतो, आणि जास्त आरपीएमला स्प्रिंग जरा जरी मागे पडली तरी भेट तिथंच होते. नवीन गॅस्केट दबल्यावर जुन्यापेक्षा किंचित जाड-पातळ राहील, तेवढं हिशोबात धरा. हे काम कंटाळवाणं आहे, हेड दोनदा चढवावं लागतं, आणि ‘छोटाच तर कॅम आहे’ म्हणून बरेच जण टाळतात. २५६ ला बहुधा काही लागणार नाही. तरी माझ्या शेडमध्ये माती लावल्याशिवाय हेडचे बोल्ट शेवटचे आवळले जात नाहीत.

पहिल्यांदा चालू करताना लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट लावा आणि इंजिन आयडलला ठेवू नका. पेटताच दोन हजारांच्या वर न्या आणि वीस मिनिटं दोन ते अडीच हजारांत वर-खाली करत ठेवा, म्हणजे लोबवर तेल पुरेसं उडतं. टॅपेटचा गॅप ग्राइंडरवाल्याच्या कार्डावरचा घ्या, मारुतीच्या पुस्तकातला नको. कार्डच देत नसेल तर कॅम घेऊ नका. विमा कंपनीलाही लेखी कळवून ठेवा. क्लेमच्या वेळी न सांगितलेला बदल निघाला की कटकट होते.

आणि आता खरं विचाराल तर, तुमच्या जागी मी कॅमला हातच लावला नसता. कंपनीचा कॅम ठेवून सरकवता येणारी व्हर्नियर पुली बसवली असती आणि कॅम क्रँकच्या तीन-चार अंशांनी पुढे घेतला असता. सगळे वॉल्व्ह एकाच कॅमवर असल्यानं सगळंच सरकतं, पण महत्त्वाचं ते हे की इनटेक ५२ ऐवजी ४८ ला मिटतो. खालचं खेचणं वाढतं, वरचं थोडं कमी होतं. तुमच्या घाटाला हेच हवंय. डायल गेज आणि डिग्री प्लेट लावूनच करायचं. पट्ट्याचा एक दाता म्हणजे पंधराहून जास्त अंश, तिथं डोळ्याचा अंदाज चालत नाही. आणि इग्निशनचा इशाराही कॅमवरूनच घेतला जात असल्यानं पुली सरकवल्यावर टायमिंग लाइट लावून स्पार्क परत जागेवर आणायचा. त्याआधी सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलेला नाही ना तेही बघून घ्या; वीस वर्षांच्या गाडीत घाटात दम लागण्याचं कारण पुष्कळदा तिथंच सापडतं.

प्रश्न : नमस्कार मिस्त्री. मी मूळचा पुण्याचा, आता मिशिगनमध्ये. १९७८ चा शेव्हर्ले सी-१० पिकअप घेतलाय, ३५० व्ही-८, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या डिफरन्शियलला ३.०८ चा रेशो. इंजिन कंपनीचं. इथल्या कॅटलॉगात दोन कॅम बघितले : एक २०४/२१४, लोब सेपरेशन ११२; दुसरा २३०/२३६, सेपरेशन १०८. हे आकडे इतके लहान कसे? आणि कुठला घेऊ?
— मिशिगनहून एक वाचक

उत्तर : आकडे लहान दिसतात कारण अमेरिकन कॅटलॉग वॉल्व्ह जागेवरून हलला तिथपासून मोजत नाहीत; लिफ्टर (लोबवर बसून वर-खाली होणारा तुकडा) ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिमी, वर आला तिथपासून मोजतात. लोबची सुरुवातीची चढण प्रत्येक ग्राइंडरची वेगळी असते, त्यामुळे आपल्या पद्धतीनं मोजलेल्या दोन कॅमची तुलना फसवी होते. ती चढण वगळून मोजलं की निदान सगळे एका रेषेत येतात. तुमचा २०४ आपल्या पद्धतीनं २६० च्या आसपास जातो. पहिला आकडा इनटेकचा, दुसरा एक्झॉस्टचा.

२०४/२१४ घ्या, डोळे मिटून. सत्तरच्या दशकातल्या या ३५० चं कॉम्प्रेशन साधारण साडेआठ असतं. वर एस्टीमचा हिशोब दिलाय तोच लावून बघा : साडेआठमधून मोठ्या कॅमनं खाल्लेलं वजा केल्यावर उरतं काय! त्यात ३.०८ चा उंच रेशो. हायवेला तुमचं इंजिन दोन-अडीच हजारांवर चालत असणार, आणि २३० चा कॅम तिथं अजून झोपेतून उठलेला नसतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर हा आणखी एक मुद्दा. कंपनीचा कन्व्हर्टर कमी आरपीएमलाच पकड घेतो. मोठा कॅम टाकला की इंजिन बंद पडू नये म्हणून आयडल वाढवावं लागतं, आणि मग सिग्नलला ‘डी’मध्ये गाडी ब्रेकला पुढं ओढत उभी राहते, आयडल कमी केलं तर बंद पडते. त्यासाठी जास्त स्टॉलचा, म्हणजे जास्त आरपीएमला पकड घेणारा, कन्व्हर्टर, मग त्याला जुळणारा मागचा रेशो, मग स्प्रिंगा... असं करत करत पिकअपच्या किमतीइतका खर्च होतो.

लोब सेपरेशन म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबच्या मध्यरेषांमधला कोन. तो कमी, म्हणजे ओव्हरलॅप जास्त. १०८ ला मधल्या आरपीएमला खेचणं जरा तिखट असतं, पण व्हॅक्यूम पडतो, आणि तुमचे पॉवर ब्रेक व्हॅक्यूमवरच आहेत. ११२ बरा.

एक गोष्ट मात्र काळजीनं करा. या इंजिनात लिफ्टर सपाट बुडाचे असतात. सपाट म्हणतात, पण त्यांचं बूड किंचित फुगीर घासलेलं असतं आणि लोबला किंचित उतार असतो, त्यामुळे चालताना लिफ्टर आपल्याभोवती फिरत राहतो आणि एकाच जागी घासत नाही. जुना लिफ्टर जुन्या लोबशी जुळलेला असतो. नव्या कॅमवर तो फिरत नाही आणि लोब खातो. म्हणून नव्या कॅमबरोबर सोळाच्या सोळा लिफ्टर नवीन. आजच्या इंजिन तेलांत जस्त-फॉस्फरसचं प्रमाण पूर्वीपेक्षा कमी असतं, तेव्हा पहिली वीस-तीस मिनिटं ब्रेक-इनचं वेगळं तेल घाला आणि इंजिन दोन हजारांच्या वरच ठेवा. त्याआधी पेट्रोल, पाणी, स्पार्कचं टायमिंग सगळं नीट लावून घ्या, म्हणजे पहिल्याच दमात सुरू होईल. नुसता स्टार्टर मारत बसलात तर पेस्ट पुसली जाते आणि नवा लोब कोरडा घासतो.

प्रश्न : सर, माझी मारुती ८०० आहे. मला स्पीड नको, पण व्हिडिओत अमेरिकन गाड्यांचा आयडलला ढब-ढब-ढब असा जो आवाज येतो तो हवाय. कॅम बदलून येईल का?
— इचलकरंजीहून एक वाचक

उत्तर : येईल, पण तुम्हाला हवा तसला नाही. तो आवाज म्हणजे ओव्हरलॅपमुळे आयडलला काही झटके नीट पेटत नाहीत त्याचा. आठ सिलिंडरमध्ये असे एक-दोन चुकले तर बाकीचे सांभाळून घेतात आणि वर त्याला ताल येतो. तुमची तीन सिलिंडरची गाडी. एक चुकला की एक तृतीयांश इंजिन गेलं. शेजारचा माणूस खिडकीतून डोकावून विचारेल, ‘मिसिंग मारतेय का रे?’ आणि त्याचं बरोबर असेल. ते पैसे टायमिंग पट्टा आणि पाण्याच्या पंपाला घाला.

प्रश्न : मिस्त्री, माझी होंडा सिटी २००२ ची, १.५ व्हीटेक. पूर्वी साडेचार-पाच हजारांच्या पुढे आवाज बदलायचा आणि गाडी पळायची. आता तसं होत नाही. जास्त लिफ्टचा कॅम बसवू का?
— मडगावहून एक वाचक

उत्तर : तुमच्या इंजिनात मोठा कॅम आधीच आहे, आणि छोटाही. व्हीटेकची कल्पनाच ती : एकाच कॅमशाफ्टवर दोन तऱ्हेचे लोब. खाली छोट्या लोबवर चालतं. वर गेल्यावर सोलेनॉइड तेलाला वाट देतो, तेलाच्या दाबानं रॉकरमधली पिन सरकते, रॉकर एकमेकांना अडकतात आणि मोठा लोब कामाला लागतो. या पानावर वरती ज्यावरून एवढं लिहिलं, तो खालचा-वरचा झगडा होंडानं असा सोडवला. आवाज बदलत नाही याचा अर्थ पिन सरकत नाही.

आधी डिपस्टिक काढून बघा. तेल कमी असेल तर कारण तेच असू शकतं. पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडपेक्षा जाड तेल कुणी घातलंय का ते विचारा. जुनी गाडी म्हणून जाड तेल घालायची आपल्याकडे सवय आहे. मग हेडच्या कडेचा व्हीटेक सोलेनॉइड खोला. त्याच्या खाली गॅस्केटमध्येच बारीक जाळी असते, ती काळ्या गाळानं भरलेली सापडेल. पेट्रोलनं धुऊन उपयोग नाही, गॅस्केटच फुटलेलं असतं, जाळीसकट नवीन घाला. सोलेनॉइडला बॅटरीचे बारा व्होल्ट थेट देऊन ‘टक’ आवाज येतो का बघा. एवढं करूनही बदल होत नसेल तर तेलाचा दाब गेजनं मोजून आकडा मला कळवा, गाडी गरम असतानाचा.